छोटा कॉर्डलेस हँड व्हॅक्यूम बनवतोय, तळहाताला सक्शन जोरात लागतं पण लव उचलत नाही, कुठे चुकतंय?

लाकडी_पट्टी

नमस्कार मंडळी. प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्ट म्हणून हातात मावेल असा कॉर्डलेस व्हॅक्यूम घेतलाय. विषय घरातूनच आला. आई शिवणकाम करते, मशीन दिवसभर चालू असतं, आणि बॉबिन केसच्या भोवती, दात्यांच्या खाली धाग्याची लव साचून साचून अगदी गादीसारखी घट्ट होते. ती ब्रशने काढते, मोठा व्हॅक्यूम तिला उचलवत नाही कारण उजवं मनगट दुखतं. म्हणून ठरवलं की हलका, अरुंद तोंडाचा, फक्त या कामासाठीचा बनवायचा.

पहिला प्रोटोटाइप झालाय. ब्रशलेस मोटरचा तयार ब्लोअर घेतलाय, इम्पेलर (हवा ओढणारं पात्यांचं चाक) ३२ मिलिमीटरचा, ९ पाती, माहितीपत्रकात १२ किलोपास्कल, १२० वॅट आणि मिनिटाला ८०,००० फेरे असं लिहिलंय. बॅटरीला जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधले १८६५० सेल (लिथियम-आयनचे, दंडगोल आकाराचे), तीन एकामागोमाग. बॉडी घरीच थ्रीडी प्रिंट केली. आत शिरायची नळी १६ मिलिमीटरची, त्यानंतर काटकोनात वळण, मग धूळ साठायचा डबा, मग ४५ मिलिमीटरचा गोल सपाट फिल्टर, मग मोटर. वजन ६४० ग्रॅम.

आता त्रास असा की तोंडावर तळहात धरला तर कातडी ओढली जाते एवढा जोर आहे, पण टेबलावर दोन सेंटीमीटरवर पडलेली लव ढिम्म हलत नाही. बॅटरी सात मिनिटांत बंद पडते आणि हँडल गरम होतं. आवाज म्हणजे शिट्टी, शेजारच्या खोलीत बसवत नाही. आणि आईने दोन मिनिटं धरून खाली ठेवला, म्हणाली पुढून जड लागतोय.

१८ किलोपास्कलची मोठी मोटर टाकू का? सबमिशनला सहा आठवडे आहेत.

झरोका

मोटर बदलू नकोस. तुझी मोटर चांगली आहे, तिला श्वास घेता येत नाहीये एवढंच.

मी हवेच्या डक्टचं काम करतो, आमच्याकडे सुद्धा हीच चूक सगळ्यांत जास्त बघायला मिळते, पंखा मोठा आणि वाट अरुंद. तळहात लावून जे जाणवतं तो बंद तोंडाचा दाब. त्या वेळी हवा वाहतच नाही, म्हणजे काम शून्य. उलट तोंड पूर्ण मोकळं ठेवलं तर हवा भरपूर, पण ओढायचा दाब जवळपास काहीच नाही. धूळ उचलायचं काम या दोन्हींच्या मध्ये होतं आणि ते मोजायचं तर दाब गुणिले प्रवाह, म्हणजे एअर वॅट. ढोबळमानाने पंख्याचा आलेख सरळ रेषा धरलास तर सगळ्यांत जास्त एअर वॅट अर्ध्या दाबाला आणि अर्ध्या प्रवाहाला मिळतात. तुझे १२ किलोपास्कल, आणि समज मोकळ्या तोंडाने सेकंदाला १२ लिटर, तर ६ गुणिले ६ म्हणजे ३६ वॅट. हे तुझं सगळं भांडवल. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला पास्कलचा आकडा हा बंद तोंडाचा असतो, त्याच्यावरून कचरा किती उचलेल ते कळत नाही.

आता ३६ जातात कुठे बघ. तुझी नळी १६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम २ चौरस सेंटीमीटर. तिच्यातून सेकंदाला १० लिटर न्यायचे तर वेग ५० मीटर सेकंदाला, आणि ती हवा डब्यात एकदम मोकळी सुटते तेव्हा हा सगळा वेग भोवऱ्यांत विरून जातो, तिथेच दीड किलोपास्कल गेले. काटकोनातल्या वळणाचे वेगळे. तीच नळी २४ मिलिमीटरची कर, वेग २२ वर येतो आणि तोटा ०.३ किलोपास्कलच्या आत. फार रुंद पण करू नकोस हं, कचरा हवेत तरंगत राहायला नळीत साधारण १५ ते २० मीटर वेग लागतो, त्याच्या खाली गेलास की लव वळणावर बसायला लागेल.

पण खरा चोर तुझा फिल्टर आहे. ४५ मिलिमीटरची सपाट चकती म्हणजे १६ चौरस सेंटीमीटर, त्यातून १० लिटर म्हणजे फिल्टरच्या कापडातून हवा ६ मीटर वेगाने जायला हवी. बारीक फिल्टरला हे शक्यच नाही, तो घसा आवळून धरतो. घड्या घातलेला फिल्टर घे, तेवढ्याच जागेत ४०० चौरस सेंटीमीटर कागद बसतो आणि वेग पाव मीटरवर येतो. पंचवीसपट फरक. शिवाय लवेचा थर बसला की सपाट चकती दोन मिनिटांत संपते, घड्यांचा फिल्टर बरेच दिवस टिकतो.

दोन सेंटीमीटरवरची लव का हलत नाही, हे मात्र मोटर, नळी, फिल्टर सगळं बरोबर असलं तरी तसंच राहणार आहे. फुंकर लांब जाते, ओढ लांब जात नाही. मेणबत्ती फुंकून विझते, श्वास आत ओढून विझत नाही, तसंच. तुझं तोंड ४ चौरस सेंटीमीटरचं आणि प्रवाह १० लिटर धर, तोंडात वेग २५ मीटर, एक सेंटीमीटरवर ७, दोन सेंटीमीटरवर सव्वादोनच्या आसपास. म्हणून तोंड कचऱ्याच्या जवळ नेता आलं पाहिजे, डिझाइन तिथे कर. बॉबिन केसच्या खोबणीत शिरेल असं चपटं, पुढे तिरकं कापलेलं तोंड, म्हणजे टोक टेकलं तरी बाजूने हवा शिरत राहते.

मोजायला महागडं काही लागत नाही. पारदर्शक नळी यू आकारात पट्टीवर बांध, रंगीत पाणी भर, दोन बाजूंतला फरक मोज. १ किलोपास्कल म्हणजे १० सेंटीमीटर पाणी, १२ ला सव्वा मीटर लागेल म्हणून प्रत्येक बाजू मीटरभर तरी ठेव, नाहीतर पाणी थेट मोटरमध्ये जाईल. प्रवाहाला मोठी प्लास्टिकची पिशवी, किती लिटरची ते माहीत असलेली, फुगवून तोंडाला लाव आणि रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते बघ. आधी नुसत्या ब्लोअरचा दाब घे, मग तोच ब्लोअर बॉडीत बसवून तोंडाशी घे. दोन्हींत मोठा फरक आला तर बॉडी गळतेय. प्रिंट केलेल्या भिंतीतून थराथरातून हवा येते, बाहेरून इपॉक्सीचा पातळ हात मार.

मीटरवाली

झरोका दादांनी वाऱ्याचं सांगितलं, मी बॅटरीचं सांगते आणि जरा कडक सांगते. ते लॅपटॉपचे सेल आज काढ. उद्या नको.

लॅपटॉप सावकाश करंट घेतो, त्याचे सेल त्याच हिशोबाने बनलेले असतात. तुझी मोटर १२० वॅट, १०.८ व्होल्टला म्हणजे ११ अँपिअर. जुन्या सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स एकेकाचा ८० मिलिओहम सहज असतो, तिघांचा मिळून पाव ओहमच्या आसपास. ११ अँपिअरला अडीच व्होल्टच्या वर तिथेच पडतात, आणि जवळजवळ २९ वॅट उष्णता सेलच्या पोटात तयार होते. तुझं हँडल गरम होतंय ते यामुळे. आईच्या हातात आहे ते.

सात मिनिटांचं कारणही हेच. बीएमएस (बॅटरीचं संरक्षक सर्किट) ९ व्होल्टला बंद करत असेल ना? चालू असताना अडीच व्होल्ट खाली गेलेले असतात, म्हणजे पॅक मुळात साडेअकराला आहे, सेलमध्ये निम्म्याच्या वर चार्ज शिल्लक आहे आणि सर्किटला वाटतंय संपला. दोन मिनिटं ठेवून परत चालू केलास तर परत चालतो का? चालत असेल तर नक्की हेच. (बीएमएस लावलाय हे मी धरून चालले, नसेल तर सगळं थांबव आणि आधी तो लाव.)

पॉवर टूलसाठीचे हाय ड्रेन सेल घे, २.५ अँपिअर-अवरचे, २० अँपिअर सतत देणारे, रेझिस्टन्स २० मिलिओहमच्या आसपास. मग तोटा पाऊण व्होल्टच्या आत आणि उष्णता ७ वॅट. तीन सेलमध्ये २७ वॅट-अवर, १२० वॅटला कागदावर साडेतेरा मिनिटं, हातात अकरा-बारा धर. तिन्ही सेल एकाच बॅचचे, जोडायच्या आधी तिघांचं व्होल्टेज मीटरने बघ, पत्रा स्पॉट वेल्डिंगनेच लाव, सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवू नकोस, आतलं सील आणि सेपरेटर खराब होतं. पॉझिटिव्ह टोकाला कागदी रिंग परत लावायला विसरू नकोस, तिथे आवरण घासलं गेलं की सरळ शॉर्ट, कारण सेलचा सगळा डबा निगेटिव्ह असतो.

बीएमएस बॅलन्सवाला (तिन्ही सेलचा चार्ज सारखा ठेवणारा) आणि २० अँपिअरचा, पॅकला चिकटवलेला थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर), आणि एक फ्यूज. चार्जर १२.६ व्होल्टचा सीसी-सीव्हीच, म्हणजे आधी स्थिर करंट आणि मग स्थिर व्होल्टेज देणारा. चार्जिंग ४५ अंशांच्या वर करायचं नाही, म्हणजे वापरून गरम झालेला पॅक लगेच चार्जिंगला लावला तरी सर्किटने थांबायला हवं. शून्य अंशाखाली तर अजिबात नाही, आत लिथियमचा थर जमतो आणि तो परत विरघळत नाही.

आणि मोटर १८ किलोपास्कलची टाकण्याबद्दल. तोच इम्पेलर जास्त फिरवून दाब दीडपट करायचा तर वेग १.२२ पट लागतो, आणि पॉवर वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे १२० चे २२० वॅट. त्याच बॅटरीवर सात मिनिटं. जिथे आहेस तिथेच परत येशील.

हाच नियम उलटा वापर की. वेग पाऊण कर, पॉवर ४२ टक्क्यांवर येते, ५० वॅट, अर्धा तास चालेल. दाब ५६ टक्के राहतो. लव उचलायला तेवढा पुरेल, वाट मोकळी असेल तर. दोन स्पीड दे, आणि चालू केल्यावर आधी कमी स्पीडच लागू दे.

भोवरा७२

वरचं दोन्ही पटलं, थोडी भर घालतो.

बॅटरी आणि मोटर वेगवेगळ्या न बघता एकत्र बघायच्या ही गोष्ट या वस्तूच्या जन्मापासून आहे. अपोलो मोहिमांसाठी ब्लॅक अँड डेकरने चंद्रावर जमिनीत भोक पाडून नमुने काढायचं बॅटरीवरचं ड्रिल बनवलं, १९७१ मध्ये अपोलो १५ च्या वेळी ते वापरलं गेलं. बॅटरी चंद्रावर न्यायची म्हणजे ग्रॅम ग्रॅमचा हिशोब, म्हणून कमीत कमी पॉवरमध्ये काम होईल अशी मोटर कॉम्प्युटर प्रोग्रॅमने आखली. तोच अनुभव पुढे त्यांच्याच १९७९ च्या डस्टबस्टर या कॉर्डलेस हँड व्हॅक्यूममध्ये कामी आला. त्या काळी निकेल-कॅडमियम सेल, आजच्या मानाने अगदीच अशक्त, तरी ते मशीन घराघरात चाललं कारण काम नेमकं ठरवलेलं होतं, सांडलेलं उचलायचं आणि परत भिंतीवर टांगायचं. तुझ्या आईचं काम पण असंच नेमकं आहे, ते सोडू नकोस.

आवाजाचं. शिट्टीची फ्रिक्वेन्सी म्हणजे पात्यांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे. ८०,००० ला सेकंदाचे १,३३३ फेरे, ९ पाती, १२ किलोहर्ट्झ. कानाला नेमकं टोचणारं. १३ पाती आणि एक लाख फेरे केलेस तर पावणेबावीस किलोहर्ट्झ होतात, माणसाला ऐकूच येत नाही. डायसनच्या २०१६ च्या हेअर ड्रायरमध्ये ११ ऐवजी १३ पाती याच कारणासाठी आहेत. तुझा इम्पेलर तयार आलाय, तो बदलता येणार नाही, पण कमी स्पीडला शिट्टी ९ किलोहर्ट्झवर येईल आणि जोर पण बराच उतरेल. मोटर बॉडीला स्क्रूने आवळली असशील तर ते काढ, मऊ रबराच्या रिंगमध्ये बसव, म्हणजे बॉडी ढोलासारखी वाजणार नाही. बाहेर पडायची भोकं वाढव, आत एक वळण देऊन पातळ फोमचं अस्तर लाव, ही वारंवारता फोममध्ये चांगली मरते.

इम्पेलर स्वतः प्रिंट करायचा विचार मनात आला तर झटकून टाक. ३२ मिलिमीटरच्या चाकाची कड ८०,००० ला सेकंदाला १३४ मीटर पळते. प्रिंटमधला एक थर सुटला तर तुकडे बॉडी फोडून बाहेर येतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय, टेबलाच्या लाकडात घुसलेला तुकडा पकडीने काढावा लागला होता.

आणि फिल्टरच्या आधी सायक्लोन टाक असं माझं मत. हवा १५ मिलिमीटर त्रिज्येत १५ मीटर वेगाने फिरवलीस तर धुळीच्या कणावर गुरुत्वाकर्षणाच्या दीड हजार पट जोर येतो, धूळ भिंतीला लागते आणि खाली पडते, फिल्टरपर्यंत जवळजवळ जातच नाही. वेळ लागेल पण जमेल, जेम्स डायसन यांनी पहिल्या सायक्लोनसाठी ५,१२७ प्रोटोटाइप केले होते.

झरोका

भोवरा, सायक्लोनबद्दल इथे माझं जमत नाही. बारीक धूळ, वाळू, भुसा असेल तर तुमचं शंभर टक्के बरोबर. लव म्हणजे धूळ नव्हे, ती हलकी, लांब, एकमेकांत अडकणारी. छोट्या सायक्लोनच्या मधल्या नळीला ती गुंडाळून बसते आणि मग ते सोडवायला चिमटा लागतो. शिवाय सायक्लोन फुकट फिरत नाही, किलोपास्कल-दोन किलोपास्कल घेतो, आणि याच्याकडे एकूण बारा आहेत. याला मोठा साधा डबा, हवा कडेने तिरकी शिरवायची म्हणजे जड कचरा भिंतीला लागेल, मध्ये अर्ध्या मिलिमीटर भोकांची स्टीलची जाळी, जाळीच्या आत घड्यांचा फिल्टर. लव जाळीवर वाटोळी जमते आणि एका तुकड्यात निघते.

भोवरा७२

लवेपुरतं मान्य. गुंडाळायचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, मी लाकडाच्या भुशावरच काम केलंय. तरी जाळीच्या भोवतीची जागा ८ ते १० मिलिमीटर तरी सोड रे, नाहीतर लव तिथेच पुलासारखी अडकेल.

टाकेटिपे

मी मशीन दुरुस्ती करते, वीस वर्षं झाली. वरचे हिशोब माझ्या कामाचे नाहीत पण मशीनच्या पोटात काय असतं ते मला माहीत आहे म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, तुम्ही ओढणारं मशीन बनवताय हे फार बरं. लोक हवेच्या डब्याने फुंकतात आणि लव आत हुकच्या मागे, शाफ्टपर्यंत ढकलतात, मग ती तेलात भिजून घट्ट चिखल होते आणि मशीन जड चालायला लागलं की माझ्याकडे येतात. त्यामुळे तुमच्या मशीनची बाहेर पडणारी हवा कुठे जाते ते नीट बघा. ती खाली किंवा पुढे मारत असेल तर एका बाजूने ओढाल आणि दुसऱ्या बाजूने टेबलावरची लव मशीनमध्येच उडवाल. मागे आणि वर जाऊ द्या, पण आईच्या तोंडावर नको.

दुसरी, टाचण्या. शिवणाऱ्या माणसाच्या टेबलावर टाचणी आणि तुटलेली सुई असणारच. ती आत गेली तर तुमचा कागदी फिल्टर भोसकेल आणि मग बारीक लव सरळ मोटरमध्ये. तोंडाच्या मागे, डब्याच्या सुरुवातीला एक छोटं लोहचुंबक बसवा, टाचणी तिथे चिकटेल. पण ते दिसेल असं असू द्या, पारदर्शक भागात, नाहीतर डबा रिकामा करताना बोटात घुसेल.

तिसरी, तोंडाला मऊ ब्रश हवा, केस छोटे, सेंटीमीटरभर. तेलकट लव नुसत्या हवेने सुटत नाही, आधी खरवडावी लागते. ब्रश तोंडाच्या एकाच बाजूला लावा, चारी बाजूंनी लावलात तर खोबणीत काय चाललंय ते दिसत नाही. एक बारीक दिवा पण बसवा, दात्यांच्या खाली अंधार असतो.

आणि आईंना काय जड लागतंय ते त्यांनाच हातात देऊन बघा, बॅटरी मागे-पुढे करून. वजनकाट्यावर कळत नाही ते.

लाकडी_पट्टी

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे मनापासून आभार. टाकेटिपे ताई, टाचणीचं माझ्या डोक्यातच नव्हतं, आज प्रोटोटाइपचा डबा उघडला तर खरंच एक टाचणी फिल्टरमध्ये आडवी रुतलेली सापडली.

मीटरवाली ताई, सेल काढले. दोन मिनिटांनी परत चालू होतो का, तर हो, व्हायचा. बीएमएस होता पण थर्मिस्टर नव्हता.

टाकेटिपे ताईंच्या सांगण्यावरून एक गोष्ट लगेच केली. बॉडी रिकामी ठेवून आत वजनाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि आईला वेगवेगळ्या ठिकाणी वजन लावून दिलं. पहिल्या डिझाइनमध्ये तोल मुठीच्या १४ सेंटीमीटर पुढे येत होता. सेल मुठीच्या मागे नेले, तीन सेलचे मिळून १४० ग्रॅम, आणि मोटर मुठीच्या वर आणली तर तोल ४ सेंटीमीटरवर आला. वजन जवळजवळ तेच, पण मनगटावरचा पीळ साडेतीन पटीने कमी. आईला काही न सांगता दोन्ही दिले, दुसरा हातात घेतल्या घेतल्या म्हणाली, हा हलका केलास होय. काट्यावर दुसरा १५ ग्रॅमने जास्त होता.

ट्रिगर पण काढतोय. दाबून धरायचा ट्रिगर बॅटरी वाचवतो खरा पण तिचं बोट दोन मिनिटांत आखडतं. अंगठ्याने सरकवायचं बटण करतोय.

तीन आठवड्यांनी आकडे घेऊन येतो.

लाकडी_पट्टी

आलो परत, चार आठवडे लागले.

आधी जुन्या प्रोटोटाइपचं माप, यू नळीने. नुसता ब्लोअर ११८ सेंटीमीटर पाणी, तोच बॉडीत बसवून तोंडाशी ७८. चाळीस सेंटीमीटर गळतीत जात होते! ६० लिटरची पिशवी रिकामी व्हायला ११ सेकंद, म्हणजे सेकंदाला साडेपाच लिटर. साबणाचं पाणी लावून तोंड बंद करून बघितलं, हवा आत जात असल्याने बुडबुडे येत नाहीत पण साबणाचा पापुद्रा जिथे फुटून आत ओढला जातो ती जागा कळते. डब्याच्या झाकणाचा सांधा आणि बटणाची खाच, दोन्हीकडून.

आता नवीन. नळी २४ ची, वळण लांब गोलाईचं, फिल्टर ४२० चौरस सेंटीमीटरचा, झाकणाला सिलिकॉनची गोल रिंग, बाहेरून इपॉक्सी. तोंडाशी १०९ सेंटीमीटर. पिशवी साडेसहा सेकंदांत, सव्वानऊ लिटर. मोटर तीच, एक वॅट वाढवला नाही. नवीन सेलवर जोरात १२ मिनिटं, कमी स्पीडला २९. हँडल कोमट होतं, बस्स.

काल आईने सुईखालची प्लेट काढून बॉबिनचा सगळा भाग कमी स्पीडवरच साफ केला. ब्रशने खरवडते, लव सुटते आणि दिव्याच्या उजेडात नळीत जाताना दिसते, करड्या दोरीसारखी. मध्येच टिक् असा आवाज आला, टाचणी चुंबकाला लागली. ती थांबली, डबा फिरवून बघितलं, आणि पुढे चालू केलं. मी शेजारी बसून बघत होतो.

एकच अडचण उरली. दहा दिवसांच्या वापराने पिशवीचा वेळ साडेसहावरून आठ सेकंदांवर गेला. फिल्टर स्वच्छ आहे, जाळीवर लवेचा नमद्यासारखा थर बसतो. तो हाताने सोलला की परत साडेसहा. पण त्यासाठी डबा उघडून जाळीला हात लावावा लागतो, आणि तिथेच टाचण्या असतात.

झरोका

फार छान काम. ४० सेंटीमीटरची गळती शोधलीस यातच सगळं आलं.

जाळी पुसायला बाहेरून फिरणारी रिंग दे. जाळी गोल आहेच, तिच्यावर घट्ट बसणारी रबराच्या कडेची रिंग, आणि डब्याचं झाकण फिरवून काढताना ती रिंग खाली सरकेल अशी खाच. झाकण निघेपर्यंत लव खाली ढकललेली असेल, हात आत घालायचीच गरज नाही. जाळी वरून खाली किंचित निमुळती कर, दोन अंश पुरे, म्हणजे थर खाली सरकताना सैल होत जातो.

टाकेटिपे

चुंबक पण झाकणावरच बसवता आलं तर बघा. झाकण काढलं की टाचण्या झाकणाबरोबर बाहेर, वर दिसतात, उचलून पेटीत टाकता येतात.

मीटरवाली

२९ मिनिटं उत्तम. बॉडी कायमची बंद करायच्या आधी एक कर, जोरात पूर्ण १२ मिनिटं चालवून लगेच मधल्या सेलचं तापमान घे, मधला सगळ्यांत जास्त तापतो कारण दोन्ही बाजूंनी कोंडलेला असतो. ४५ च्या वर असेल तर सेलच्या मध्ये दोन मिलिमीटरची फट सोड. थर्मिस्टर पण मधल्यालाच चिकटव, कडेच्याला नको.

लाकडी_पट्टी

थर्मिस्टर कडेच्याला होता, आत्ता मधल्यावर नेला. पूर्ण चालवून मधला ५१ आला आणि कडेचे ४४, म्हणजे फट सोडावीच लागणार. मागची बाजू ४ मिलिमीटरने रुंद होते पण मुठीच्या मागे असल्याने धरायला फरक पडत नाही, आईला पुठ्ठ्याचा नमुना देऊन बघितलं. रिंग आणि झाकणावरच्या चुंबकाचं ड्रॉइंग सुरू केलंय, दोन अंशांची निमुळती जाळी वाकवून आणायला दिली.